मोजणारे, मोजले जाणारे आणि फळा

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘सामुदायिक डॅशबोर्डचा इतिहास’ असा छापला आहे. त्यातल्या डॅशबोर्ड या शब्दाने काही जण बिचकले असतील, आणि काही जण संगणकाचं काहीतरी शिकायला मिळेल म्हणून आले असतील. दोघांनाही आधीच सांगतो, आज पडद्यावर काही दाखवणार नाही. गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी एका स्पर्धेत भाग घेतला होता. एखाद्या वस्तीची किंवा गावाची माहिती तिथल्याच माणसांना उपयोगी पडेल अशी एका पडद्यावर मांडायची, असा स्पर्धेचा विषय. मुदत आठ आठवड्यांची. आमच्यात दोघे संगणकाचं काम करणारे, दोघे इतिहासाचे, आणि पाचव्या पुण्यातल्या त्या वस्तीतच राहणाऱ्या, बचत गट चालवणाऱ्या ताई. पडदा कसा बांधायचा हे संगणकवाल्यांना येत होतं. त्यावर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हा प्रश्न मात्र फार जुना निघाला. त्याच्या मागे जाता जाता आम्ही कुठे कुठे पोचलो, ते आज तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

आधी शब्द. डॅशबोर्ड आला घोडागाडीतून. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला एक फळी असे, ती डॅशबोर्ड. मोटारी आल्या, घोडा गेला, फळी राहिली. मग तिच्यावर वेगाचे आणि पेट्रोलचे काटे बसले. पुढे कंपन्यांच्या साहेबांनाही आपला कारभार असाच काट्यांवर बघावासा वाटू लागला. या सगळ्या प्रवासात फळी कायम गाडीत बसलेल्याच्या सोयीची होती. रस्त्यावरून चालणाऱ्याला तिची मागची बाजूच दिसे.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला हे अगदी लागू पडतं. चार्ल्स बूथ हा जहाजांच्या धंद्यातला सधन माणूस. १८८६ साली त्याने लंडनच्या गरिबीची पाहणी सुरू केली. १८८९ मध्ये पहिला खंड निघाला आणि १९०३ पर्यंत सतरा खंड झाले. खंड आज फार कोणी उघडत नाही, पण नकाशे अजून भिंतींवर लावले जातात, कारण ते देखणे आहेत. रस्त्यागणिक रंग. एकूण सात: सगळ्यांत खाली काळा, मग गडद निळा, फिका निळा, जांभळा, गुलाबी, लाल आणि सगळ्यांत वर पिवळा. सुमारे तीस टक्के लंडनकर गरिबीत राहतात, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्याने तेव्हा खळबळ उडाली. म्हाताऱ्यांना पेन्शन मिळावी म्हणून बूथ पुढे झटला, १९०८ साली कायदाही झाला. तेव्हा नकाशाने काही भलं केलं नाही असं म्हणता येणार नाही.

पण ही माहिती दिली कोणी? मुलं शाळेत येतात का हे बघायला घरोघर फिरणारे शाळा मंडळाचे निरीक्षक होते, मुख्यतः त्यांनी. पुढच्या फेरीत बूथची माणसं पोलिसांबरोबर गल्ल्यांमधून हिंडली. ज्या गल्लीला काळा रंग मिळाला, तिच्या रंगापुढे सूचीत दुर्गुणी आणि अर्धे गुन्हेगार लोक, अशा अर्थाचा शेरा आहे. त्या गल्लीतल्या बाईला कोणी विचारलं नाही की बाई, तुमच्या दाराला हा रंग लावू का. आपल्याकडे आजही लाल-पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचे नकाशे निघतात. रंग निवडताना हात किती सहज चालतो, हे आम्हीही त्या आठ आठवड्यांत पाहिलं.

बूथच्या नकाशांचा दबदबा असतानाच, १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात याच्या नेमकं उलटं काही मांडलं गेलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जीवनाविषयी एक दालन होतं. त्यासाठी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस आणि अटलांटा विद्यापीठातले त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांनी हाताने काढलेले साठेक तक्ते आणले होते. शाई आणि जलरंग, बस. वेळ काही महिन्यांचा, पैसा बेताचा. स्वतः द्यू बॉइस जहाजाच्या सगळ्यांत स्वस्त वर्गातून पॅरिसला गेले.

तक्ते पाहिलेत तर आजच्या कुठल्याही संगणकी पडद्यापेक्षा धीट वाटतात. एका तक्त्यात गावात आणि शहरात राहणारी लोकसंख्या दाखवायची होती. सरळ पट्टी कागदात मावेना, तर ती गुंडाळून तिचं लाल वेटोळं केलं आहे. दुसऱ्यात जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन पंचवीस वर्षांत सुमारे तिपटीला कशी पोचली ते आहे. या आकड्यांच्या मागे जीव अडकला होता, हे विसरू नका. आदल्याच वर्षी, १८९९ च्या एप्रिलमध्ये, त्याच जॉर्जियात सॅम होज नावाच्या शेतमजुराला जमावाने जाळून मारलं आणि त्याच्या बोटांची हाडं एका दुकानात मांडली होती. ही बातमी द्यू बॉइसना रस्त्यात कळली, ते माघारी फिरले. अशा राज्यात राहून ‘आमच्या लोकांकडे इतके एकर जमीन आहे’ असा तक्ता रंगवणं हे नुसतं आकडेशास्त्राचं काम नव्हतं. ज्यांना एरवी दुसऱ्यांनी मोजलं असतं, ते इथे स्वतः मोजत होते, आणि काय मोजायचं हेही स्वतः ठरवत होते. दारिद्र्य किती, यापेक्षा आम्ही काय कमावलं, ते आधी.

एक गोष्ट मात्र आमच्यातल्या ताईंनी लगेच पकडली. तक्ते बघून त्या म्हणाल्या, ‘छान आहेत, पण टांगले कुठे? परदेशात ना?’ खरंच होतं. मथळे इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही होते, कारण बघणारे तिथले आणि जगभरातून आलेले पाहुणे होते. जॉर्जियातल्या ज्या शेतकऱ्यांच्या एकरांची ती बेरीज होती, त्यांच्या गावात तो तक्ता लागला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिचे प्राण. सभेचा एक नियम आज आठवण्यासारखा आहे: सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. सुरुवातीच्या पंचाण्णव सभासदांच्या मागे अशी सहा हजार माणसं होती. लोकांच्या वतीने बोलायचं तर आधी लोकांची सही आणा, असा तो हिशेब. मग १८७६–७८ चा दुष्काळ आला. सभेने आपली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली, धान्याचे भाव, कामांवरची हजेरी, उपासमार यांची टिपणं मागवली आणि ती सरकारला धाडत राहिली. दुष्काळी कामांवरच्या मजुराचं धान्य सर रिचर्ड टेंपलने दिवसाला एक पौंडावर आणलं, तेव्हा मजुरांनी कामं सोडली आणि सभेने त्यांची बाजू लावून धरली.

त्याच सुमाराला, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. त्यांनी घरोघर कोणाला पाठवलं नाही. सरकारचेच अहवाल घेतले, त्यातून वर्षाचं दरडोई उत्पन्न वीस रुपये काढलं, आणि शेजारी सरकारचाच दुसरा आकडा ठेवला: तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च. कैद्याचा खर्च जास्त निघाला. दोन रकाने, दोन्ही साहेबाचेच. आमच्या मते आपल्या देशातला पहिला चांगला डॅशबोर्ड तो. यावर वाद घालायला आमची हरकत नाही.

चाळीस वर्षांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी एकच गाव निवडलं आणि त्याचा कसून अभ्यास केला. १९१७ साली त्यांचं पुस्तक आलं. १७७१ मध्ये त्या गावातली सरासरी जमीनधारणा चाळीस एकर होती, ती १९१४–१५ पर्यंत सात एकरांवर आली होती. गावाचं नाव पिंपळे सौदागर. हो, तेच, जिथे आज उंच इमारती आहेत आणि सकाळी आयटीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागते. मान यांचं पुस्तक इंग्रजीत होतं. सात एकरवाल्याने ते वाचायचं कसं?

इथवरच्या गोष्टींमध्ये एक फट राहिली होती: मोजणारे आणि मोजले जाणारे एकाच फुटपाथवर बसले आहेत, असं कुठे झालं नव्हतं. ते झालं मुंबईत.

जानेवारी १९७६ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली. मोजलेल्यांना फोटोपास मिळाले. तो कागद लोकांनी प्लास्टिकमध्ये घालून, उशाखाली ठेवून जपला, कारण झोपडी पाडली तर दुसरी जागा मागायला तोच आधार होता. पण ज्या दिवशी मोजणी झाली त्या दिवसाने एक रेषाही ओढली. त्या रेषेच्या अलीकडचा माणूस पात्र, पलीकडचा अपात्र. पुढे ही रेषा सरकत गेली. १ जानेवारी १९९५ ही तारीख मुंबईतल्या कुठल्याही झोपडीवासीयाला विचारा, स्वतःच्या मुलाच्या जन्मतारखेसारखी पाठ असते.

फुटपाथवर राहणाऱ्यांची गोष्ट आणखी अवघड. त्यांच्या जागेला झोपडपट्टी म्हणूनही मान्यता नव्हती. जुलै १९८१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी त्यांना हटवायचं जाहीर केलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. कायद्याच्या वर्गांत हे वाक्य आजही शिकवतात. त्याच निकालाने हेही सांगितलं की रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करता येतील, मात्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, थांबावं. ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र आहे त्यांना पर्यायी जागा. बाकीच्यांचं काय?

त्या साडेतीन महिन्यांच्या मुदतीत भायखळ्याच्या आसपास एक मोजणी झाली. आदल्या वर्षीच स्थापन झालेली स्पार्क ही संस्था आणि फुटपाथवरच्या बाया यांनी मिळून ती केली. सुमारे सहा हजार कुटुंबं मोजली गेली. त्यातून निघालेल्या अहवालाचं नाव ‘वुई, द इन्व्हिजिबल’, म्हणजे आम्ही, न दिसणारे. नावातला ‘आम्ही’ महत्त्वाचा आहे. फुटपाथवरचे लोक काल-परवा आलेले, भिकारी, उडाणटप्पू, असा शहराचा समज होता. मोजणीतून दिसलं की बहुतेक जण वर्षानुवर्षं तिथेच आहेत, जवळपासच काम करतात आणि कामाला चालत जातात. बसचं भाडं परवडत नाही म्हणून तर फुटपाथ. ज्या सरसकट कारवाईची सगळ्यांना धास्ती होती, ती त्या नोव्हेंबरात झाली नाही. आकड्यांमुळेच झाली नाही असं आम्ही म्हणणार नाही. राजकारण होतं, संघटना होती, वर्तमानपत्रं होती. पण १९८६ मध्ये त्याच बायांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली आणि मोजणी हे तिचं कायमचं हत्यार झालं. झोपडीला खडूने नंबर टाकायचा, गल्लीचा नकाशा काढायचा आणि केलेली यादी वस्तीत परत नेऊन सगळ्यांसमोर तपासायची. ‘माझं नाव कुठे आहे?’ असं विचारायची सोय त्या यादीत होती. बूथच्या नकाशात ती नव्हती.

आता स्पर्धेतलं एक सांगतो, म्हणजे हे सगळं आम्ही का उकरत बसलो ते कळेल. आमच्या पहिल्या मसुद्यात एक रकाना होता: किती घरं भाड्याने दिलेली आहेत. दुसरा होता: घरात नळ आहे का. दोन्ही अगदी साधे, कुठल्याही पाहणीत असतात तसे. बचत गटाच्या बैठकीत ते वाचून दाखवले आणि खोली एकदम गप्प झाली. मग एक मावशी म्हणाल्या, ‘ताई, हे तुमच्या त्या पडद्यावर टाकलंत ना, तर परवा नळ तोडायला येतील. आणि भाडेकरूचं टाकलंत तर पुनर्वसनात नाव कोणाचं लागणार, त्याची भांडणं इथे सुरू होतील.’ बरोबर होतं त्यांचं. पडदा उघडा असणार होता. वस्ती बघणार, तसं क्षेत्रीय कार्यालयही बघणार, बिल्डरही बघणार. माहिती एकच, बघणाऱ्यागणिक तिचं औषध किंवा विष होतं. संगणकवाल्या मित्रांनी सुचवलं की नावं काढू, नुसती बेरीज दाखवू. त्यावर दुसरी एक जण म्हणाली, ‘आमच्या ओळीत अकरा घरं आहेत. अकरात तीन म्हटलं की कुठली तीन ते सगळ्यांना ठाऊक आहे.’ गोपनीयतेवर जाडजाड पुस्तकं लिहिली जातात, त्यांचा गाभा या एका वाक्यात आला, असं आम्हाला वाटतं.

मग काय दाखवायचं? याचं उत्तर आम्हाला राजस्थानात सापडलं.

मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना १९९० ची, राजसमंद जिल्ह्यातली. दुष्काळी कामांवर मजुरी कमी मिळते, ही मूळ तक्रार. आपल्या रोजगार हमीच्या कामांवर ज्याला सगळे मस्टर म्हणतात, तेच हजेरीपत्रक तिथेही; आणि ते दाखवायचं नाही, असा शिरस्ता. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेल्या मस्टरवरची नावं भर सभेत मोठ्याने वाचली गेली. ज्याचं नाव, तो समोरच बसलेला. तो उठून सांगे, मी या कामावर गेलोच नाही. मेलेल्या माणसांची नावंही मजुरी घेणाऱ्यांत निघाली. संघटनेची घोषणा होती, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. पुढे राज्यांचे कायदे आले, त्यात महाराष्ट्राचाही, आणि २००५ साली देशाचा माहिती अधिकाराचा कायदा. रोजगार हमीचा देशव्यापी कायदाही त्याच वर्षीचा. त्याची मूळ कल्पना महाराष्ट्राची, हे आपण अभिमानाने सांगतो. हिशेब भिंतीवर लिहायचा धडा मात्र राजस्थानने दिला. तिथल्या पंचायतींच्या भिंतींवर कोणाला किती दिवस काम आणि किती पैसे, हे रंगाने लिहिलेलं असे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या सरकारने जन सूचना पोर्टल सुरू केलं, तेही या चळवळीतल्या लोकांशी बसून, चर्चा करून. रेशन दुकानात किती धान्य आलं, हे अर्ज न करता बघता यावं, हा त्यामागचा विचार.

कोट किरानात जे वाचलं गेलं ते लोकांचं दारिद्र्य नव्हतं. ती सरकारची वही होती. वही लोकांसमोर उघडली आणि चूक सांगायचा अधिकार ज्याचं नाव तिच्यात आहे त्याला मिळाला. दादाभाईंनी कैद्याच्या खर्चाचा आकडा पुढे केला तेव्हाही दिशा हीच होती, खालून वर.

त्यावरून आमचं ठरलं. घरांविषयी एकही रकाना नको. चारच गोष्टी: आज पाणी किती वाजता आलं आणि किती वेळ राहिलं; सार्वजनिक शौचालयातल्या किती सीट वापरण्याजोग्या आहेत; कचऱ्याची गाडी आली का; आणि महापालिकेकडे केलेली प्रत्येक तक्रार किती दिवस पडून आहे. नोंद वस्तीतल्या बायांनी करायची, आधी फळ्यावर खडूने. फळा नळाच्या कोपऱ्यावर, कारण सगळ्यांची नजर तिथे पडते. संध्याकाळी फळ्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून पडदा भरायचा. चुकलं असेल तर फळ्यावरच कोणीही पुसून दुरुस्त करायचं. फळ्याची कल्पना काही आमची नव्हे. हिवरे बाजारला जाऊन आलेल्यांना ती ओळखीची वाटेल. तिथे पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाणी थोडं असेल तर पाणीखाऊ पीक नाही. मोजणारा, वाचणारा आणि वाचून आपल्या पोटाला चिमटा घेणारा, तिघे एकच.

स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत परीक्षकांनी विचारलं, घरनिहाय माहिती नसेल तर याला सामुदायिक डेटा कसं म्हणायचं? प्रश्न आडमुठा नव्हता. घराघराची माहिती नसेल तर रेशन कार्ड कोणाला नाही, कुठल्या मुलीची शाळा सुटली, हे कळत नाही, आणि ते कळायला हवं. ताईंनी उत्तर दिलं की ती माहिती आमच्याकडे आहे, वहीत आहे, वही गटाच्या कपाटात आहे, आणि कपाटाला दोन कुलपं आहेत. ज्याला हवी त्याने वस्तीत यावं, कशाला हवी ते सांगावं. आमचा नंबर आला नाही. ज्यांचा आला त्यांचा नकाशा फार सुंदर होता, घरागणिक रंग होते.

फळ्याचं पुढे काय झालं, असं आम्हाला नेहमी विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. पडद्याचं संकेतस्थळ सहा महिने चाललं. मग त्याचं वर्षाचं भाडं कोण भरणार यावर गाडी अडली. फळा चालू आहे. तक्रारींच्या रकान्यात दिवसांचा आकडा तीन अंकी झाला की त्या शेवटच्या अंकाला लाल खडू वापरतात, एवढा एकच रंग तिथे उरला आहे. पावसाळ्यात वर पत्रा टाकावा लागतो. गेल्या महिन्यात क्षेत्रीय कार्यालयातले एक साहेब फळा बघायला आले, तर ज्यांची त्या दिवशी लिहायची पाळी होती त्या आजींनी त्यांना आधी विचारलं, ‘तुमचं नाव काय लिहू?’

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या. मागे बसलेल्यांनी माइक येईपर्यंत जरा थांबावं.